मनोजवा बोलते आहे

आकाशनौका 'मनोजवा' पहिल्याच संध्याकाळी म्हशीसारखी रेकली, आणि कानडी मुलखातल्या मल्लेश्वरमच्या मराठी मित्रमंडळाच्या गणपतीपुढे जमलेली मंडळी दचकून मागे सरली.

खरं तर तिने रेकायचं नव्हतं. "मी मनोजवा बोलते आहे" असं घनगंभीर आवाजात म्हणून तिने आपल्या प्रवासाची हकिगत सांगायची होती. ती हकिगत मंडळाचे चिटणीस चंद्रकांत घाटे यांनी स्वतःच्या भरदार आवाजात टेपरेकॉर्डरवर भरून ठेवली होती. टेपरेकॉर्डर शिवाजीनगरच्या एका दुकानातून ओळखीवर मागून आणलेला. ऐन वेळी त्याची चकती अडली, फीत सैल पडली, आणि घाट्यांचा आवाज खाली खाली जात थेट गोठ्यात पोचला.

"बिवलकर, बघा हो काय झालंय ते," घाटे दातांतल्या दातांत म्हणाले आणि स्वतः खांबाआड गेले.

उमाकांत बिवलकर मागची फळी सरकवून नौकेत शिरला. नौका त्यानेच बांधली होती. यशवंतपूरच्या बाजारातून आणलेल्या देवदारी खोक्यांच्या फळ्या, त्यांवर चंदेरी कागद, पुढे रंगीत दिव्यांच्या ओळी, आणि मधोमध डोळ्याच्या जागी एक बारीक जाळी. आतून बाहेरचं सगळं दिसे, बाहेरून आतलं काही दिसत नसे.

पण खरी नौका बांधली गेली होती ती उमाकांतच्या डोक्यात, आणि तीही फार पूर्वी. विमानांच्या कारखान्यात तो पंखांवर येणाऱ्या ताणाची गणितं करी. टेबलावर हाताने फिरवायचं गणनयंत्र होतं. आकडे लावायचे, मूठ फिरवायची, उत्तर उतरवून घ्यायचं. मूठ फिरायला लागली की उमाकांतचं मन हळूच खिडकीतून बाहेर पडे आणि आकाशगंगेच्या पलीकडच्या काठावर, एका निराळ्याच लोकांच्या मुलखात जाऊन बसे. त्या लोकांना गावं नव्हती, नौका होत्या. ताऱ्यांमधून पिढ्यान्‌पिढ्या हिंडणारी एकेक नौका म्हणजे एकेक शहर. तिच्यात कुणी विचार करणारं यंत्र बसवलेलं नव्हतं. नौका हीच मुळी विचार करणारी. तिला आठवे, तिला हसू येई, कधीकधी तिला करमत नसे. एका क्षणात ती हजार ताऱ्यांच्या वाटा मांडू शके, आणि एवढं सगळं येत असूनही पोटातल्या एखाद्या म्हाताऱ्याला झोप लागत नसली, तर त्याच्याशी गप्पा मारत बसे.

यातलं एक अक्षर उमाकांतने कुणाला सांगितलं नव्हतं. तो कुणाला काही सांगतच नसे. कचेरीत "झालं" आणि "होतंय" या दोन शब्दांवर त्याचं वर्ष निघे. घरी बायको हेमलता बोले आणि तो ऐकल्यासारखा चेहरा करून बसे. मंडळाच्या सभेत यंदा कसला देखावा करायचा यावर तंटा चालला होता तेव्हा मात्र, का कोण जाणे, तो बोलून गेला, "एक नौका असावी. विचार करणारी." तंटा तिथेच थांबला. कल्पना कुणाला फारशी कळली नव्हती. बिवलकर बोलले याचाच धक्का मोठा होता. घाट्यांच्या आई कृष्णाबाई तेवढ्या सावध होत्या. त्या वर्षी परक्या मुलखातली एक बाई आकाशात जाऊन सुखरूप परत आली होती. "मग आपली नौकासुद्धा बाईच असू दे," त्या म्हणाल्या, "आणि गणपती तिच्या उजव्या हाताला बसवा. प्रवासाला निघताना त्याला मागे ठेवून कसं चालेल." असा तो ठराव झाला.

आता आत उमाकांतने टेपरेकॉर्डरला हात लावला, तशी सगळी फीत शेवयांसारखी त्याच्या गळ्यात आली. ती सोडवत असताना बाहेरून कृष्णाबाईंचा आवाज आला.

"काय गं बाई, एवढी विद्वान म्हणतात तुला, आणि बोल म्हटलं तर रेकतेस? आमचा चंदू कुठे गेला, ते तरी सांग."

जाळीतून उमाकांतला घाटे स्वच्छ दिसत होते. खांबाआड उभे होते, आणि काळजीने माणसाला भूक लागते त्यातला प्रकार चालला होता. आत खिळे ठेवायला आणलेला तुपाचा एक रिकामा डबा होता. उमाकांतने खिळे खाली ओतले आणि डबा तोंडाशी धरला. त्याने तसं का केलं, हे त्याला पुढेही कधी नीट सांगता आलं नाही. म्हातारी माणसं विचारतात आणि नौका गप्प बसते, हे त्याला बरं वाटलं नाही, एवढंच.

"तिसऱ्या खांबामागे आहे," नौका म्हणाली. "मोदक खातो आहे."

नैवेद्य अजून दाखवायचा होता. कृष्णाबाई तरातरा खांबामागे गेल्या आणि चिटणिसांना दंडाला धरून बाहेर घेऊन आल्या. त्यांचा एक गाल फुगलेला होता. मंडपात असा काही हशा पिकला की आरती बराच वेळ सुरू होईना.

त्या रात्री टेपरेकॉर्डर परत गेला. "आता हेच चालू दे," घाटे उमाकांतला म्हणाले. आईने भर मंडपात कान उपटले असले, तरी गर्दी कशाने वाढते हे त्यांना बरोबर कळे. "फक्त आत कोण आहे ते फुटता कामा नये. घरीसुद्धा सांगू नका."

घरी न सांगणं ही उमाकांतच्या दृष्टीने अट नव्हतीच. "दिव्यांचं काम आहे," तो हेमलताला म्हणाला, आणि ते खोटंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मंडपाबाहेर रांग लागली. नौकेने ताऱ्यांची माहिती द्यावी अशी योजना होती, पण ताऱ्यांबद्दल कुणी विचारीना. एका बाईंना मुलगा पास होईल का ते हवं होतं. एका निवृत्त हेडमास्तरांनी घसा साफ करून विचारलं, "देव आहे की नाही, याचं सरळ उत्तर दे."

"माझ्या शेजारीच बसला आहे," नौका म्हणाली. "त्यालाच विचारा. मी इथे नवी आहे."

हेडमास्तर बराच वेळ गणपतीकडे बघत उभे राहिले आणि नमस्कार करून गेले.

बिवलकरांच्या शेजारची गंगव्वा, मूळची हुबळीकडची, कानावर हात धरून म्हणाली, "स्वल्प जोरात बोल गं अक्का, इथवर येत नाही." नौका स्वल्प जोरात बोलली. एका तरुणाने नोकरीत कायम होईन का म्हणून विचारलं, तर नौका म्हणाली, "मला माहीत नाही. तुझ्या साहेबाला माहीत असेल. त्याला विचारलंस का?" विचारलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी तो पेढे घेऊन आला, आणि 'मला माहीत नाही' या शब्दांना मल्लेश्वरमात मंत्राचं वजन आलं. "एवढं ज्ञान असून माहीत नाही म्हणते," लोक म्हणू लागले. "आमच्या हाफिसात असा एक माणूस दाखवा."

बाहेर कुणी आडून विचारलं की घाटे मिशीला बोट लावून हसत. "मंडळाचं गुपित आहे," म्हणत, आणि अगदी मोठ्या माणसाने विचारलं तर हळूच पुस्ती जोडत, "आवाज आमचाच म्हणायचा." टेपवर तो त्यांचाच होता, तेव्हा त्यांच्या मनाला ते टोचत नसे.

आणि आत उमाकांत सुखात होता. फळ्यांना देवदाराचा वास होता, त्यात उदबत्तीचा मिसळे. लाल-हिरव्या दिव्यांची ऊब अंगावर येई, आणि जाळीपलीकडे माणसांचे चेहरे एकामागून एक उगवत आणि मावळत. त्याला वाटे, आपण बसलेलो नाही, चाललो आहोत. फार सावकाश, फार लांब. पोटात हे सगळं शहर आहे, आणि त्यातलं जे कुणी जागं असेल त्याच्याशी आपल्याला बोलायचं आहे. "मी बघते," "मी थांबते," असं तो डब्यात बोले आणि त्यात त्याला काही वावगं वाटत नसे.

मग एका संध्याकाळी जाळीसमोर हेमलता उगवली.

गंगव्वाने तिला ओढून आणलं होतं. अबोलीचा गजरा माळलेली हेमलता आधी थोडी हसली, मग पदर सारखा करून म्हणाली, "एक विचारू का? तुमच्या तिकडे नवरे बायकांशी बोलतात का?"

रांगेतल्या बायका खुदखुदल्या. आत उमाकांतने डबा तोंडाशी आणखी जवळ धरला.

"काही बोलतात," नौका म्हणाली. "काहींना नुसतं वाटतं की आपण बोललो. मनातल्या मनात सगळं बोलून झालेलं असतं. ते बाहेर गेलंच नाही, हे त्यांच्या ध्यानात येत नाही."

बायका पुन्हा हसल्या. हेमलता हसली नाही. "असं असतं होय," ती म्हणाली आणि रांगेतून बाजूला झाली.

घरी ताट वाढताना तिने हे सगळं उमाकांतला सांगितलं. "तिला किती कळतं हो," ती म्हणाली. उमाकांतने भात कालवला. सांगून टाकायचं तर हीच वेळ होती, पण वाक्य कुठून सुरू करावं ते त्याला सुचेना. आमटी संपली तशी वेळही संपली.

दुसऱ्या दिवसापासून हेमलता आरतीच्या बरीच आधी, मंडप रिकामा असताना येऊ लागली. उमाकांत कारखान्यातून परस्पर येऊन आत बसलेला असे. ती जाळीजवळ सतरंजीवर बसे, वाती वळता वळता बोले. गंगव्वाकडून आपण कानडी शिकतो आणि आता भाजीवाल्याशी भांडतासुद्धा येतं. लहानपणी आपण गायचो आणि इथे पुन्हा पेटी आणावी असं वाटतं. दुपारी घर फार मोठं वाटतं, म्हणून आपण जुईच्या वेलाशी बोलतो, आणि तो वेलही ह्यांच्यासारखाच आहे. नौका मधूनमधून विचारी, "मग?" आणि हेमलता पुढे सांगे. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण आपल्या बायकोला गाता येतं, हे उमाकांतला तुपाच्या डब्याआडून कळलं. घरी आला की ती स्वयंपाकघरात काहीतरी गुणगुणत असे. त्याला बरं वाटे आणि लगेच चोरट्यासारखंही वाटे. त्याच्या घरात कुणीतरी तिसरं आलं होतं, आणि रागवावं तर ते तोच होता.

अशात नाशिकची बातमी आली. कारखान्याची नवी शाखा तिकडे निघणार होती, आणि उमाकांत व घाटे दोघेही ज्यात होते त्या आराखडा विभागातला एक माणूस बढतीवर जायचा होता. घाटे किंवा बिवलकर, असं कचेरीत बोललं जाई. मराठी माणसाला हे म्हणजे घरबसल्या काशी. उमाकांतचं घरच नाशिकचं, पंचवटीतलं. हेमलताला आनंद होईल असं त्याने गृहीत धरलं, आणि गृहीत धरल्यामुळे तिला सांगायचं राहिलं.

तिला ते कृष्णाबाईंकडून कळलं. त्या दिवशी ती सतरंजीवर बसली, पण वाती काही वळल्या नाहीत.

"नाशिकला माझं सासर आहे," ती नौकेला म्हणाली. "माणसं चांगली आहेत सगळी. पण घर इतकं भरलेलं, की ह्यांच्या वतीने बोलायला तिथे माणसांची रांग आहे. ह्यांना भूक लागली की आत्याबाई सांगतात, ह्यांना राग आला की भावजी सांगतात. इथे निदान मी एकटी आहे, म्हणून कधीतरी 'मीठ दे' तरी म्हणतात. तिथे गेलो की तेवढंही संपलं." मग ती म्हणाली, "मला इथेच राहायचंय. पण ह्यांना नाशिक हवं असणार."

"त्यांना विचारून बघ," नौका म्हणाली. आवाज जरा चिरकला. उमाकांतने दोष डब्याला दिला, हेमलताला तो देता येण्यासारखा नव्हता. तिने तो पाहिलाच नव्हता.

"तूच विचार की," ती म्हणाली. "तुझं ऐकतील."

विसर्जनाच्या आदल्या संध्याकाळी पट्टणशेट्टी साहेब मंडपात आले. बसवंत पट्टणशेट्टी हे आराखडा विभागाचे प्रमुख. बेळगावकडचे, त्यामुळे मराठी घरच्यासारखं बोलत, फक्त वाक्याच्या शेवटी कानडीतला झोका येई. घाटे नेमके महाप्रसादाचे नारळ आणायला यशवंतपूरला गेले होते. साहेबांनी मंडपात इकडेतिकडे बघितलं, घाटे दिसले नाहीत, तसे ते नौकेकडे बघून मिस्कील हसले.

"काय मनोजवाबाई," ते म्हणाले, "सगळ्यांना उत्तरं देता म्हणे. माझा पण एक प्रश्न सोडवा की. नाशिकला माणूस पाठवायचा आहे मला. घाट्यांना पाठवू की बिवलकरांना?"

रांगेत मागे हेमलता उभी होती. उमाकांतला ती जाळीतून दिसली. दोन्ही हातांनी तिने पदराचं टोक धरलं होतं. त्याला क्षणभर गोदावरी दिसली, घाटावरचं ऊन दिसलं, आईच्या हातचं आंब्याचं लोणचं आठवलं. एक नाव घेतलं की झालं. पण नौका स्वतःसाठी कधी काही मागत नसे. तिला मागता येत नसे असं नव्हे. पोटात शहर घेऊन चाललेल्याने वाट कशी निवडायची असते, हे तिला ठाऊक होतं.

"घाट्यांना पाठवा," नौका म्हणाली. "नव्या जागी बोलका माणूस लागतो. शिवाय त्यांच्या आईला तिकडे करमेल."

"असं म्हणता," साहेब म्हणाले. त्यांचं हसू मावळलं होतं. "सरी, ठीक आहे." त्यांनी गणपतीला नमस्कार केला आणि प्रसाद न घेताच निघून गेले. मागे हेमलताने पदर सोडला आणि डोळे मिटून घेतले. उमाकांतला वाटलं, आपण आयुष्यात पहिल्यांदा बायकोला काहीतरी दिलं.

विसर्जनानंतरच्या सोमवारी सकाळीच साहेबांचं बोलावणं आलं.

"बिवलकर, बसा. नाशिकला तुम्ही जायचं."

उमाकांत बसता बसता थांबला.

"तुम्ही काही म्हणणार नाही, माहीत आहे मला. मीच सांगतो. ते नौकेचं सोंग घाट्यांचं. आवाज माझा आहे म्हणून स्वतःच सांगितलं होतं त्यांनी मला. गंमत असते, ठीक आहे. पण गणपतीच्या मांडीला मांडी लावून बसायचं आणि बढतीला स्वतःचंच नाव सांगायचं, वर स्वतःच्या आईची पण शिफारस करायची. असल्या माणसाला पाठवू काय मी? तुम्ही बरे. तुम्ही तोंडच उघडत नाही."

"साहेब," उमाकांत म्हणाला, "तो मी होतो."

"कोण?"

"मनोजवा."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बिवलकर, मित्रासाठी एवढं बोललात, बरं वाटलं बघा. पण खोटं कशाला? इतकी वर्षं बघतोय की तुम्हाला. ती बाई केवढी बोलते."

"मीच होते," उमाकांत म्हणाला आणि जीभ चावली.

"मग बोलून दाखवा की तिच्यासारखं."

उमाकांतने तोंड उघडलं. काही येईना. समोर साहेब होते, उजेड होता, भिंतीवर विमानांच्या तसबिरी होत्या. देवदाराचा वास नव्हता आणि जाळी नव्हती. मग त्याची नजर टेबलाशेजारच्या रद्दीच्या पत्र्याच्या टोपलीवर गेली. त्याने ती उचलली, कागद खाली ओतले, आणि टोपली तोंडापुढे धरून डोळे मिटले.

"मी मनोजवा बोलते आहे," टोपलीतून आवाज आला.

चहा घेऊन आलेला शिपाई दारातच थिजला. साहेबांनी त्याला हातानेच बाहेर घालवलं आणि खुर्ची पुढे ओढली.

"बरं," ते हळू आवाजात म्हणाले. "मग बाई, बिवलकरांचं नाव का नाही सांगितलं?"

"बिवलकरच्या बायकोला इथेच राहायचं आहे."

"बिवलकरांनी सांगितलं तुम्हाला?"

"नाही. बायकोने सांगितलं."

"बिवलकरांना ठाऊक आहे का ते?"

"आता आहे."

साहेब आणखी पुढे वाकले. "आणि बिवलकरांना ठाऊक आहे, हे त्या बाईंना ठाऊक आहे?"

"नाही," टोपली म्हणाली.

"हां," साहेब म्हणाले. "मग असं करू. नाशिकचं सोपं आहे, ते मी बघतो. घाटे जातील. अवघड काम तुम्ही करा. आजच करा. आणि ती टोपली खाली ठेवा आता, कुणी बघितलं तर दोघांनाही घरी पाठवतील."

संध्याकाळी हेमलता दिवा लावत होती. उमाकांत चप्पल न काढताच उंबऱ्यात उभा राहिला आणि म्हणाला, "नाशिकला घाटे जाणार. आणि नौकेत मी होतो."

हेमलताने हातातली काडी विझवली. ती चेहऱ्याने आधी पांढरी झाली, मग लाल. जुईचा वेल, पेटी, आत्याबाई, भावजी, आपण काय काय बोललो ते सगळं तिच्या डोळ्यांसमोरून जाताना उमाकांतला दिसलं. ती वळून आत गेली.

ती बोलली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही, तिसऱ्या दिवशीही नाही. ताट वेळेवर वाढलेलं असे, डबा वेळेवर भरलेला असे, आणि बाकीचा कारभार गंगव्वामार्फत चाले. "अक्का म्हणते, रॉकेल संपलं," गंगव्वा दारातून सांगून जाई आणि जाताना त्याच्याकडे दयेने बघे. उमाकांतला शांतता आवडते असा त्याचा आजवर समज होता. आता कळलं की ती शांतता नव्हतीच. तिच्यात हेमलता बोलत असायची.

मग त्याला राहवेना. एका संध्याकाळी ती स्वयंपाकघरात पाठमोरी बसून तांदूळ पाखडत होती. चुलीवर दूध होतं. उमाकांत दाराशी पाट घेऊन बसला आणि, आपल्याला हे जमेल की नाही याचा विचार न करता, बोलायला लागला. त्याने तिला त्या लोकांबद्दल सांगितलं, ज्यांना गावं नव्हती. कारखान्यात मूठ फिरवता फिरवता आपण कुठे जाऊन बसतो ते सांगितलं. दूरच्या नौका एकमेकींना हाक मारतात आणि हाक पोचायला वर्षं लागतात, म्हणून प्रत्येक शब्द त्या जपून निवडतात, हे सांगितलं. सूप चालूच होतं.

"त्यात दोन नौका होत्या," तो म्हणाला. "विशाखा आणि रोहिणी. एकाच बंदरातून निघालेल्या. कधीतरी भांडल्या, आणि मग शतकानुशतकं एकमेकींशी बोलल्याच नाहीत. आतल्या माणसांना पत्ताही नाही. दोघी आपापल्या वाटेने चालल्यात. पण वाट आखताना दोघीही एवढं बघतात, की मधलं अंतर वाढू नये."

सूप थांबलं.

"कशावरून भांडल्या?" हेमलताने मागे न वळता विचारलं.

याचा विचार त्याने कधी केला नव्हता. भांडण त्याच्या डोक्यात आधीपासून होतं, कारण नव्हतं. आता मात्र ते त्याला एकदम दिसलं.

"एकीने दुसरीचं सगळं ऐकून घेतलं," तो म्हणाला, "आणि स्वतःचं काहीच सांगितलं नाही."

"मग चूक तिचीच."

"तिचीच."

"मग तिने आधी बोलायला नको का?"

"बोलायला लागलीय ती. पण अंतर फार आहे. तिकडे पोचतंय की नाही, तेच तिला कळत नाही."

हेमलताने सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला. मग ती वळली. रागावलेली होती, पण डोळ्यांच्या कोपऱ्यात राग पुरता धरवत नव्हता.

"तिला सांगा, पोचलं," ती म्हणाली. "आणि आता घटकाभर गप्प बसा. दूध वर आलंय."

उमाकांत गप्प बसला. पण दूध उतरेपर्यंतसुद्धा त्याला ते जमलं नाही.